वाक्य संपायच्या आत

कोकणातल्या दशावतारी नाटकात मृदंग वाजवणाऱ्याचे हात चालतात ते डोळ्यांच्या आणि कानांच्या जोरावर. वादन शिकायला गुरू मिळतो, बोल पाठ होतात. पण नटाकडे बघायचं कसं, हे जत्रेच्या रात्रीच कळतं.

नाटक लागायच्या आधी नटमंडळी देवळाच्या आडोशाला रंगायला बसतात. ज्याचा त्याचा आरसा, ज्याने त्याने आपलं तोंड रंगवायचं. रंगता रंगताच ठरतं, आज आख्यान कुठलं, राजा कोण, राक्षस कोण, पदं कुठे, युद्ध कुठे. हातात लिहिलेली संहिता नसते. रंगमंचावर एक लाकडी बाकडं; तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. संवाद नट उभ्या उभ्या रचतो, आणि पेटी, मृदंग, झांज घेऊन आम्ही तिघं त्याच्यासोबत निघतो. कुठे जायचंय ते त्यालाही पुरतं ठाऊक नसतं.

राजाचं काम करणारा बोलता बोलता वाक्याच्या शेवटी आवाज जरासा वर चढवतो. ही पदाची खूण. पेटीवाल्याने तो सूर उचलेपर्यंत माझा हात मृदंगाच्या शाईवर हवा. वाक्य संपल्यावर शोधाशोध केली तर पद पडतं. युद्धाला मात्र मी तोंडाकडे बघतच नाही, पायांकडे बघतो. दोघं तलवारी घेऊन गोल फिरतात, लय चढते. ती वाढवायची मीच, पण नटाचा दम ओळखून. वय झालेला नट दोन फेऱ्यांत थकतो. तो थकला हे प्रेक्षकांना कळायच्या आत मी तोडा घेऊन लढाई आवरती घेतो. मग तो श्वास घेतो आणि असा काही संवाद फेकतो की अंगावर काटा येतो. ही देवघेव मला या कलेचा प्राण वाटते.

थंडीच्या दिवसांत दव पडतं. मध्यरात्रीनंतर मृदंगाचं चामडं सैल होतं, सूर उतरतो. हातोडीने गठ्ठे ठोकून तो पेटीला परत मिळवायचा, आणि तोही भाषण चालू असताना, नटाचा शब्द न झाकता. डाव्या तोंडाला लावलेली कणीक सुकत जाते; पाण्याचं बोट लावून ती ओली ठेवावी लागते, नाहीतर राक्षसाच्या प्रवेशाला घुमारा मिळत नाही. अशा वेळी पेटीवाला एखादा स्वर लांबवून मला सवड काढून देतो. सांगावं लागत नाही.

अशी न सांगता होणारी साथ शेजारीही दिसते. आमच्या कुडाळला लागूनच पिंगुळी. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी करतात. मांडीवर चित्रांची पोथी, एकेक चित्र उलटत कथा पुढे न्यायची, साथीला वीणा, टाळ, हुडूक. त्यांतले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे अनेकांना पिंगुळी ठाऊक झालं. तिथेही चित्र आणि वाद्य एकमेकांना धरूनच चालतात. चित्रावर हात गेला की साथीदाराला पुढचा प्रसंग समजतो.

हल्ली दशावतारात ट्रिकसीनची, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणारी, नाटकं जोरात आहेत. लोकांना आवडतात, त्यानिमित्ताने चाकरमान्यांची पोरंही पहाटेपर्यंत जागतात. माझी काही तक्रार नाही. पण त्यांत आधी भरून ठेवलेलं संगीत लावायला माझा ठाम विरोध आहे. ते संगीत थकलेल्या नटासाठी थांबत नाही. आणि वादक घडणार कुठे? आमच्याकडे मृदंगाचा हात गावच्या भजनात तयार होतो, डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, खणखणीत होतो. अशा पोराला पुढे रात्रभर नटासमोर बसायची जागा दशावतारच देतो. ती जागा गेली तर भजनातली पोरं उत्तम वाजवतील, पण दुसऱ्यासाठी वाजवायला शिकणार नाहीत. जत्रेला देवीची ओटी भरायला आलेली बाई, नारळवाला, खाजेवाला, सगळा गाव ज्या नाटकाभोवती रात्र काढतो, ते या साथीवरच उभं आहे.

यंदा कार्तिकातल्या पहिल्या जत्रेला भजनातली दोन पोरं मी पेटीशेजारी बसवणार आहे, वाद्याला हात न लावता. एकाने फक्त नटाचे पाय बघायचे, दुसऱ्याने फक्त वाक्यांचे शेवट ऐकायचे. पहाटे दहीकाला होऊन नाटक संपलं की पहिल्याला विचारणार, राक्षस पडण्याआधी त्याचं कुठलं पाऊल अडखळलं. आणि दुसऱ्याला, राणीचं पद येणार हे तुला कुठल्या शब्दावर कळलं.