फुगेवाल्याची बंदूक

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत फुगे फोडण्याचं दुकान शोधावं लागत नाही, ‘फट्’ असा आवाज येतो तिकडं पोरं धावतात. उभ्या फळीवर लाल-पिवळ्या फुग्यांच्या रांगा, पुढं एक बाकडं आणि त्या बाकड्यावर आडवी पडलेली छऱ्याची बंदूक. नळी मोडून आतल्या स्प्रिंगला ताण द्यायचा, शिशाचा छरा बसवायचा, नळी सरळ करायची, नेम धरायचा. दिवसभर हेच. एक पोरगं खाली ठेवतं, दुसरं उचलतं.

तिच्या नळीविषयी फार चांगलं बोलता येणार नाही, ती थोडी डावीकडं मारते. माझा जीव तिच्या दस्त्यावर आहे. फिक्या, हलक्या लाकडाचा हा दस्ता. पॉलिश केव्हाच उडालेलं. गाल टेकतो तिथं मात्र लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालंय. किती तांड्यांवरच्या, किती गावांतल्या पोरांच्या गालांचं तेल आणि घाम त्यात जिरला असेल! ऑलिंपिकच्या रायफलींना गालाची आणि खांद्याची जागा नेमबाजाच्या मापानं मागं-पुढं, वर-खाली करता येते. 2024 च्या 1 ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला 451.4 गुणांवर कांस्यपदक घेतलं, तो सगळा खेळच अशा काटेकोर मापांचा. आमच्या या बंदुकीला असलं काही नाही. आठ वर्षांची पोरगी आणि तिचा काका, दोघांनाही तिनंच पुरायचं. म्हणून तिचं हलकं असणं मोलाचं. जड बंदूक त्या पोरीच्या हातात थरथरली असती आणि पोरगी दुसऱ्यांदा आलीच नसती.

पण हलकेपणासाठी जिथं लाकूड काढून टाकलेलं असतं, तिथंच मार बसतो. मूठ बसते तो गळा बारीक असतो आणि तिथं लाकडाच्या रेषा तिरप्या जातात. पुढच्या बाजूला, नळीखाली, ताण देणारा दांडा हलावा म्हणून लांब खाच पाडलेली असते. त्यामुळं तिथं लाकडाच्या दोन पातळ भिंतीच काय त्या उरतात. त्यात या जातीच्या बंदुकीचा धक्का दुहेरी. घोडा ओढला की आतला दट्ट्या पुढं झेपावतो, त्यानं बंदूक मागं ढकलली जाते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की ती पुढं खेचली जाते. बारूदाच्या बंदुकीपेक्षा हा धक्का लहान, पण दोन्हीकडून बसणारा. स्क्रू ढिले होतात, त्यांची भोकं मोठी होतात आणि भोकापासून चीर निघते.

ही मोडली ती मात्र माणसाच्या जोरानं. एका धिप्पाड गड्यानं दस्त्याचं टोक जमिनीला टेकवलं आणि अंगाचा भार देऊन नळी मोडली. गळ्यातून कट्ट आवाज आला. फुगेवाल्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली आणि त्या पट्टीवर तिनं उरलेली यात्रा काढली.

पुढं ती मानोऱ्याच्या एका मिस्त्रींकडं आली. खऱ्या बंदुकीची दुरुस्ती शस्त्र कायद्यानं परवानाधारक कारागिरानंच करायची असते. या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून ती सुताराच्या दुकानात येऊ शकली. “मिस्त्री, रामनवमीच्या आधी पायजे जी,” एवढंच फुगेवाला म्हणाला. मिस्त्रींनी लोखंड वेगळं काढायला लावलं, दस्ता उजेडात धरला आणि आधी कुणीतरी ठोकलेला एक गंजका चुका पकडीनं उपसला. “चुका ठोकू नोका कधी,” ते म्हणाले. “चुका लाकडाले जोडत नाई, फाकवते.” खरंच, चीर चुक्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत गेली होती.

मग सगळ्यात किचकट काम. स्प्रिंगला घातलेलं तेल वर्षानुवर्षं लाकडात उतरलं होतं, आणि तेलकट लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही. ब्रशनं थिनर घालायचं, फडक्यानं टिपायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा घालायचं. फडकं कोरं निघेपर्यंत मिस्त्रींनी गोंदाच्या नळ्यांना हात लावला नाही. या धीरालाच मी कारागिरी म्हणतो. बाकीचं पाहून शिकता येतं.

अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या सारख्या मापानं मिसळल्या. पातळ चीप घालून चीर जरा उघडी ठेवली, आणि गोंदात बुडवलेला दोरा तिच्यातून आरपार घालून पुढं-मागं ओढला, म्हणजे गोंद चिरेच्या तळापर्यंत गेला. नंतर चीप काढून पुन्हा तीच सायकलची ट्यूब आवळून बांधली. गळा गोलसर, त्याला शिकंजा नीट बसत नाही. ताणलेलं रबर चारी बाजूंनी सारखं दाबतं. पूर्ण एक दिवस कुणी हात लावायचा नाही.

एवढ्यावर सोडलं असतं तरी यात्रा निघाली असती, पण मिस्त्रींना ते पटलं नाही. त्यांनी घोड्याच्या खाचेतून मुठीकडं तिरपं भोक पाडलं आणि त्यात आट्यांची पितळी सळई गोंद लावून बसवली. ती बाहेरून कुठंच दिसत नाही. पितळ गंजत नाही आणि आट्यांत गोंद धरून बसतो. इशापूरच्या कारखान्यातल्या .303 रायफलींच्या पुढच्या लाकडातही असाच आडवा स्क्रू घातलेला दिसतो, लाकूड फाटू नये म्हणून. पुढच्या स्क्रूंच्या भोकांत पितळेच्या छोट्या नळ्या घातल्या, म्हणजे स्क्रू आवळला तरी त्याचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो. खाचेच्या पातळ भिंतींना आतून गोंदात भिजवलेली सुती कापडाची पट्टी चिकटवली.

मी विचारलं, गळाच थोडा जाड का नाही करत? मिस्त्रींनी दस्ता माझ्या हातात दिला. “गळा बारीक हाय म्हूनच तं पोट्टे हिले धरतात. जाड केला तं कोन उचलीन?” सगळी मजबुती त्यांनी आत घातली होती. वजनात फरक पडला असेल तर तो बोटांना कळत नव्हता.

शेवटी जवसाचं तेल. पातळ हात द्यायचा, चोळायचा, वाळू द्यायचा, परत द्यायचा. फिक्या लाकडाला मधासारखा रंग चढला आणि चिरेची रेघ बारीक, गडद अशी वर राहिली. मिस्त्रींनी ती रंगानं झाकली नाही. मला ते फार बरं वाटलं. गालाजवळचा काळपट भागही त्यांनी पॉलिश पेपरनं घासला नाही.

आता फुगेवाल्यानं नियम केलाय, नळी तो स्वतःच मोडतो आणि ताण दिलेली बंदूक नळी फळीकडं ठेवून पोराच्या हातात देतो. दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाचा खालचा कोपरा अजून झिजलेला आहे. तिथं जुन्या टायरच्या रबराचा तुकडा बसवायचं ठरलंय, पण यात्रांचा हंगाम संपून पाऊस लागल्यावर, बंदूक रिकामी असेल तेव्हा.