बाहुली दुसऱ्यांदा उठते तेव्हा

देव्हाऱ्यातले देव सोडले तर घरात डोळे असलेली वस्तू एकच, ती म्हणजे बाहुली. पाट्याला डोळे नसतात, पेटीला नसतात, आरशात दिसतात ते आपलेच असतात. बाहुली मात्र आपल्याकडे बघत असते. दिवा मालवून आपण अंथरुणावर पडलो तरी ती कोनाड्यातून बघतच असते. सावंतवाडीची लाकडी असो, जत्रेतली कापडी असो, की पापण्यांची उघडझाप करणारी शहरातल्या दुकानातली असो, दिवसा आपण तिला जेवू घालतो, तिचे थाटात लग्न लावतो, आणि रात्री तिचे तोंड भिंतीकडे करून ठेवतो. असे का करायचे हे कोणी कोणाला शिकवलेले नसते.

या एवढ्याशा भीतीच्या भांडवलावर चित्रपटवाल्यांनी केवढा तरी धंदा उभा केला आहे. खुनी बाहुल्यांच्या चित्रपटांची एक वेगळी जातच आता झाली आहे. या जातीचा एक अनुभव असा की पहिला भाग अंगावर काटा आणतो आणि दुसरा भाग जांभई आणतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘मेगन’ या चित्रपटाचा दुसरा भाग लागला. पहिला भाग २०२३ च्या जानेवारीत लागला होता. सुमारे सव्वा कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या त्या चित्रपटाने जगभरात अठरा कोटींच्या आसपास गल्ला जमवला. दुसऱ्याला त्याच्या पाव भागही जमला नाही. आम्ही वसतिगृहातल्या पाच-सहा जणींनी वर्गणी काढून तो पाहिला. बाहेर पडताना जी ती म्हणत होती, “बरा होता.” घाबरण्यासाठी पैसे मोजून गेलेला माणूस ‘बरा होता’ म्हणत रिक्षा शोधू लागतो, याहून भयपटाचा मोठा पराभव कोणता?

हे असे का होते? ‘दुसरा भाग वाईटच असतो’ असे म्हणून मोकळे होता येते, पण ते उत्तर नव्हे. मला वाटते, बाहुलीच्या बाबतीत याची कारणे थोडी खोल आहेत.

बाहुलीची भीती ही मुळात शंकेची भीती आहे. वाघाची भीती निराळी. वाघ समोर आला की वाघच आला, तिथे शंकेला जागा नाही. बाहुलीच्या बाबतीत मात्र आपल्याला ठाऊक असते की ही लाकडाची आहे, चिंध्यांची आहे. तरीही मनाचा एक कोपरा विचारत राहतो, खरेच का? एर्न्स्ट येन्ट्श या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९०६ साली नेमके हेच मांडले होते. एखादी वस्तू सजीव की निर्जीव, याचा उलगडा होत नाही तेव्हा माणसाला एक विलक्षण अस्वस्थता घेरते, असे त्याचे म्हणणे. पुढे १९१९ मध्ये फ्रॉइडने याच विषयावर निबंध लिहिला. येन्ट्शचे सगळे काही त्याला पटले नाही. मनात दडपून ठेवलेले, एके काळी ओळखीचे असलेले काहीतरी परत समोर येते म्हणून आपण दचकतो, असा त्याचा भर होता. होफमान या जर्मन लेखकाच्या एका कथेत नायक ऑलिम्पिया नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, आणि ती निघते यंत्राची बाहुली. फ्रॉइडने त्या कथेची आपल्या निबंधात बारकाईने चिकित्सा केली आहे. थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वीच विद्वानांनी या भीतीचे मर्म हेरले होते. सजीव की निर्जीव, या उंबरठ्यावर बाहुली उभी असते तोवरच ती भयंकर.

१९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये हा उंबरठा किती सांभाळून ओलांडला आहे ते पाहावे. शिकागोतली एक विधवा आई, दुकानात काम करणारी. मुलाला वाढदिवसाला हवी असलेली महागडी बाहुली तिला परवडत नाही, म्हणून ती एका फेरीवाल्याकडून स्वस्तात घेते. त्या बाहुलीत एका मेलेल्या खुन्याचा आत्मा शिरलेला आहे. सहा वर्षांचा अँडी जीव तोडून सांगतो की बाहुली बोलते, बाहुलीनेच माणूस मारला. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. चित्रपट निम्म्यावर येतो, आणि बाहुलीचे रिकामे खोके आईच्या हातात असताना त्यातून काहीतरी खाली पडते. बॅटरीचे सेल असतात ते. सेल बाहुलीत कधी घातलेच नव्हते! मग इतके दिवस ती बोलत होती ती कशाच्या जोरावर? त्या क्षणी रक्त नाही, किंकाळी नाही, आणि तरीही पाठीच्या कण्यातून थंडगार काहीतरी सरकत जाते.

पण हा क्षण एकदाच येतो. सेल एकदा खाली पडले की पडले. दुसऱ्या भागाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की बाहुली जिवंत आहे, ती शिव्या देते, तिच्या हातात सुरी आहे. शंका संपली, उरली ती फक्त सुरी. आणि सुरीची भीती दाखवायला बाहुली कशाला हवी?

मग दुसरा भाग निघतो कसा? याचे उत्तर त्या चित्रपटांनीच नकळत देऊन ठेवले आहे. १९९० च्या दुसऱ्या भागात जळून कोळसा झालेली बाहुली पुन्हा कोण घडवते? कोणी मांत्रिक नव्हे. ती बनवणारी कंपनीच! आमच्या मालात काही दोष नाही, हे भागधारकांना पटवण्यासाठी कंपनी ती बाहुली साफसूफ करून पुन्हा जोडते, आणि त्याबरोबर खुनीही उठून बसतो. तिसऱ्या भागात काही वर्षांनी तीच कंपनी बाहुल्यांचा कारखाना पुन्हा सुरू करते. कथेतल्या कंपनीने जे केले तेच कथेबाहेरच्या कंपनीने केले. दुसरा भाग नोव्हेंबर १९९० मध्ये लागला आणि तिसरा ऑगस्ट १९९१ मध्ये, म्हणजे मध्ये दहा महिनेसुद्धा नाहीत. तेवढ्यात कथेतला अँडी आठ वर्षांनी मोठा होऊन लष्करी शाळेत दाखल झाला होता. दुसऱ्या भागात निदान एक दुखरी जागा शिल्लक होती. मुलावर विश्वास ठेवला म्हणून आईला मनोरुग्णालयात टाकले आहे आणि मूल परक्यांच्या घरी वाढते आहे. तिसऱ्यात तीही गेली.

आपल्याकडे ‘झपाटलेला’ आहेच. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या या चित्रपटाची मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली आहे, हे उघडच आहे. पण त्यात एक भर अशी पडली की नायक लक्ष्या हा शब्दभ्रमकार होऊ पाहणारा तरुण आहे. बाहुल्याला आपला आवाज देणे हीच त्याची हौस, आणि त्याच्याच हातातला बाहुला स्वतःच्या आवाजात बोलू लागतो! रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि खेळवलेला तात्या विंचू महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या तोंडी आहे. पण आठवून पाहा, आपण भीत होतो आणि हसत होतो ते तात्याकडे बघून की लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्याकडे बघून? त्या चेहऱ्यावरचे डोळे फिरले की आपल्याला दोन्ही एकदम व्हायचे. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ थ्री-डीमध्ये आला. तात्या पडद्यातून थेट आपल्या अंगावर धावून येऊ लागला. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. बाहुला दोन हात पुढे आला, आणि त्याला घाबरणारा माणूस मात्र जागेवर नव्हता. लाकूड आणि कापड स्वतःहून भयंकर नसते. त्याला भिणारे एक माणूस लागते, आणि ते माणूस आपल्याला आपले वाटावे लागते.

आता ‘मेगन’कडे वळते, कारण हा सगळा विचार माझ्या डोक्यात शिरला तो त्या चित्रपटामुळे.

पहिल्या ‘मेगन’मध्ये केडी नावाच्या एका लहान मुलीचे आईवडील मोटारीच्या अपघातात जातात. तिला सांभाळायला येते मावशी जेमा. ही खेळण्यांच्या कंपनीत यंत्रे बनवते. हुशार आहे, वाईट नाही, पण तिला वेळ नाही आणि रडणाऱ्या मुलीशी काय बोलावे हे समजत नाही. म्हणून ती एक चालती-बोलती बाहुली तयार करते. ही बाहुली केडीचे सगळे ऐकते, सगळे लक्षात ठेवते, कंटाळत नाही. कंपनीच्या वरिष्ठांपुढे बाहुलीचे प्रात्यक्षिक चालू असताना केडीला रडू कोसळते. मेगन तिला जवळ घेते, आईची एखादी आठवण सांग म्हणते, ती आठवण साठवून ठेवते आणि तिला गाणे म्हणून दाखवते. पाहणाऱ्या साहेबांचे डोळे भरून येतात. आणि त्याच भरल्या डोळ्यांना समोर केवढा तरी नफा दिसत असतो. माझ्या मते त्या चित्रपटातला सर्वांत भयानक प्रसंग हाच. तिथे कोणीही मरत नाही.

तो मला इतका लागला, याला कारण घरचे आहे. माझ्या मामाला २०२१ च्या दुसऱ्या लाटेत करोनाने नेले. मामेबहीण तेव्हा पाच वर्षांची होती. मामी पोटापाण्यासाठी पाळ्या करते, म्हणून मुलगी आमच्याकडे असते. शाळा बंद होत्या त्या काळात तिच्या हाती मोबाईल आला तो आलाच. त्यात एक बाईचा आवाज गोष्टी सांगतो, विचारले त्याचे उत्तर देतो. एका रात्री आम्ही सगळे जेवत होतो आणि ती आतल्या खोलीत त्या आवाजाला विचारत होती, “तुला माझे बाबा माहीत आहेत का?” आवाजाने गोड सुरात काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते मला ऐकू आले नाही. पण बाहेर पानावर बसलेल्या आम्हा पाच माणसांपैकी एकालाही तो प्रश्न तिने तोवर विचारला नव्हता. आई ताटावरून उठली आणि आत जाऊन तिच्याजवळ बसली.

पुढे पहिला ‘मेगन’ पाहताना मला पडद्यावर ती खोली दिसत होती. हे मूल कोणाचे? ते दुःखात असताना त्याच्या उशाशी कोणी बसायचे, माणसाने की यंत्राने? आणि यंत्र माणसापेक्षा बरे बसत असेल तर काय करायचे? हा प्रश्न त्या चित्रपटाच्या पोटात होता. शेवटी केडी स्वतःच्या हाताने त्या लाडक्या बाहुलीविरुद्ध उभी राहते, तेव्हा ती नुसता जीव वाचवत नसते, तर आपले रडणे परत ताब्यात घेत असते.

दुसऱ्या भागात या प्रश्नाचे काय झाले? तिथे अमेलिया नावाची लष्करासाठी घडवलेली यंत्रमानव स्त्री आहे, तिला आवरण्यासाठी मेगनला पुन्हा उठवले आहे, मारामाऱ्या आहेत, आणि साऱ्या जगावर संकट आहे. घरातली भीती जगभर नेली की ती वाढते, असा निर्मात्यांचा समज दिसतो. प्रत्यक्षात ती पातळ होते. जगाचा नाश होणार म्हटले की आपण स्वस्थ बसून शेंगदाणे खातो; पलीकडच्या खोलीतले मूल कोणाशी तरी कुजबुजते आहे म्हटले की हात थांबतो. पहिल्या भागात मेगन नाचली, तो तुकडा जगभर गाजला, पोरासोरांनी तिची नक्कल केली. लोकांना बाहुलीच आवडली असे समजून दुसऱ्या भागात तिलाच नायिका केले. तो पडल्यावर, प्रेक्षकांच्या तिच्यावरील प्रेमाचा आपला अंदाज चुकला, असे निर्माते जेसन ब्लम यांनी जाहीरपणे मान्यही केले.

कोणी म्हणेल, मारेकऱ्याला रक्षक केले यात बिघडले काय? १९९१ च्या ‘टर्मिनेटर’च्या दुसऱ्या भागात हेच केले होते, आणि तो पहिल्याइतकाच, काहींच्या मते जास्तच, गाजला. आक्षेप रास्त आहे. पण तिथे बाप नसलेला एक मुलगा मध्यभागी आहे. ते यंत्र त्याला दगा देत नाही, दारू पीत नाही, सोडून जात नाही, हे त्याची आई बघते आणि तिच्या मनात कालवाकालव होते. पळापळी आणि स्फोट त्या मुलाभोवती घडतात. ‘मेगन’च्या दुसऱ्या भागात केडी आहे, पण ती कडेला आहे. मोठी झाली आहे, मारामारीचे डावपेच शिकते आहे. आईवडिलांविना वाढणारी मुलगी म्हणून तिच्याकडे बघायला त्या धावपळीत फारशी फुरसत नाही. नाही म्हणायला एक चांगला विचार त्यातही डोकावतो. जिने एकदा घात केला तिच्या मायेवर पुन्हा विश्वास ठेवावा का? यावरच सगळा चित्रपट उभा करता आला असता. तो प्रश्न येतो, दोन वाक्ये बोलतो, आणि स्फोटात उडून जातो.

उलट १९९८ च्या ‘ब्राइड ऑफ चकी’ने बाहुल्याला सरळ बायको मिळवून दिली आणि भयाबरोबर हसण्याचा करार केला. तो करार प्रामाणिक होता. प्रेक्षक चिडतो तो भीती वाटली नाही म्हणून नव्हे. पहिल्या वेळी त्याच्या मनातल्या एका जागेवर बोट ठेवले होते, दुसऱ्या वेळी ती जागा कुठे होती हेच निर्माते विसरले, म्हणून तो चिडतो.

हे सारे एका करमणुकीच्या चित्रपटावर कशाला, असे वाचकांना वाटेल. पण बोलणारी खेळणी आता पडद्यावरच राहिलेली नाहीत. ती दुकानात आहेत, उद्या आपल्या घराघरांत असतील. त्यांच्या हातात सुरी नसेल. ती गोड बोलतील, न कंटाळता ऐकतील, आणि आपण जेवण आटोपेपर्यंत मूल शांत राहील. या गोष्टीचे भय आपल्याला वाटायला हवे, आणि ते वाटायला लावण्याचे बळ पहिल्या चित्रपटात होते.

‘मेगन’चा आणखी एखादा भाग निघाला तर मी जाईन. मात्र वर्गणी देण्याआधी पाहून आलेल्या मैत्रिणींना एकच विचारीन. बाहुली कशी झाली आहे हे मला नको. केडी कुठे आहे, तेवढे सांगा.