नाशिकचा मुक्काम आणि सूर्यास्ताची वेळ

विवाहानंतरचा पहिला प्रवास नाशिकचा ठरला, तेव्हा सोलापूरच्या त्या कापड-व्यापारी घरात थोडे आश्चर्यच व्यक्त झाले. मधुचंद्राला माणसे महाबळेश्वरला जातात, फार तर केरळला. परंतु ऐन लग्नसराईत दुकान चार दिवसांहून अधिक सोडणे शक्य नव्हते, आणि फलटणहून आलेल्या नववधूला गजपंथाचे दर्शन घ्यावयाचे होते.

उतरण्याची जागा गंगापूर रस्त्यावरची. मोजक्या खोल्यांचे, देखणे, नव्या पद्धतीचे हॉटेल. कोनाड्यांत पितळी समया, गच्चीवर वेताच्या खुर्च्या. १९९९ साली गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वाईनरी उभी राहिली आणि तीर्थयात्रेच्या या शहराकडे निराळ्या प्रकारचे पाहुणे वळू लागले. अशी हॉटेले त्यांच्यासाठी सजतात. त्यांची सारी शोभा दिवेलागणीनंतरची, आणि स्वयंपाकघरही साडेसातला जागे होणारे.

अडचण तिथेच होती. वधूचा रात्रिभोजनत्याग बालपणापासूनचा, आणि मार्गशीर्षात नाशिकचा सूर्य सहाच्या आधीच मावळतो. पतीचे व्रत मात्र चातुर्मासापुरते. पहिल्या संध्याकाळी तिने खोलीतच डब्यातले खाकरे खाल्ले. आठ वाजता गच्चीवर तो जेवावयास बसला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही निवांत जेवा, मी बसते सोबत." वाढपी तीनदा येऊन विचारून गेला, मॅडमना काही नको का? तिसऱ्या वेळी पतीचाच घास अडला. पत्नीचे व्रत त्याला ठाऊक होते; परंतु तिच्या रिकाम्या ताटासमोर बसून जेवणे कसे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे म्हसरूळला पोहोचले. दिंडोरी रस्त्यालगतचा हा लहानसा डोंगर. चारशेहून अधिक पायऱ्या, वर कातळात कोरलेली लेणी. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी परंपरा. गावकरी त्यांना चांभार लेणी म्हणतात. यात्रेकरूंच्या तोंडी मात्र गजपंथच. थंडीच्या दिवसांत खाली शहर धुक्यात असते आणि गोदावरी, जिला नाशिककर सरळ गंगाच म्हणतात, ती कुठून वाहते याचा केवळ अंदाज करावा लागतो. हा डोंगर सकाळीच चढावा. दहानंतर पायऱ्या तापतात आणि बोलणेही खुंटते.

उतरल्यावर पतीने हॉटेलच्या आचाऱ्याला गाठले. कांदा, लसूण, बटाटा नको. जमिनीखालचे काहीच नको. आणि ताट पाच वाजता हवे. आचारी हसला. "साहेब, काल संध्याकाळीच सांगायचं ना!" त्या संध्याकाळी रिकाम्या दालनात ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि दोडक्याची भाजी आली. ताट एकच होते. पती शेजारी चहा घेत बसला.

तिसरा दिवस अंजनेरीचा. त्र्यंबक रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर. गावाजवळ सोळा जुन्या मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतील बहुतेक जैन. बरेच यात्रेकरू हनुमानाच्या जन्मस्थानाच्या ओढीने डोंगराकडे निघून जातात आणि हे दगड पाहावयाचे राहतात. येथील शके १०६३ चा संस्कृत शिलालेख यादव राजा सेउणदेवाच्या काळातला आहे. चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. सोने नव्हे, दुकाने! पेठेत वाढलेला तो तरुण या एका शब्दापाशी रेंगाळला. कसली दुकाने असतील, कापडाची असतील का, हिशेब कोण ठेवत असेल, असे तो विचारीत राहिला. पत्नीने घड्याळ दाखविले तेव्हा चार वाजत आले होते.

सव्वापाचला दालनात दोन ताटे मांडलेली होती. आचाऱ्याला सकाळीच सांगून ठेवल्याचे त्याने तिला कळविले नव्हते. तीही काही बोलली नाही. फक्त भाकरीवर तूप वाढले.

साडेआठला गच्चीवरून तंदूरचा वास आला. "भूक लागली असेल तर जा खुशाल," ती म्हणाली. तो पाणी पिऊन झोपला. सकाळी सात वाजता गाडी सोलापूरकडे निघाली, आणि सिन्नर येण्याच्या आत खाकऱ्यांचा डबा रिकामा झाला होता.