जुनी गाडी आणि आमची चाल

चष्मा, जोडा आणि वाहन हीं तीन दुसऱ्याचीं वापरूं नयेत, असें आमचे एक वृद्ध आप्त म्हणत असत. पहिल्या दोन बाबतींत त्यांची आज्ञा आम्ही अद्याप पाळीत आहों. तिसरीच्या बाबतींत मात्र ती गेल्या वर्षीं मोडावी लागली. आणि मोडतांना असें आढळून आलें कीं, म्हाताऱ्याच्या बोलण्यांत बरेंच तथ्य होतें. जुनें वाहन म्हणजे दुसऱ्याच्या पायाला बसलेला जोडाच होय. फरक इतकाच कीं, जोडा कोठें चावतो हें दोन पावलांत कळतें. गाडीचें कळावयास एक पावसाळा जावा लागतो.

आमची आई तोरण्याच्या बाजूच्या एका खेड्यांत राहते. डांबरी सडक जेथें संपते तेथून आमचें घर चार किलोमीटर. उन्हाळ्यांत ही वाट केवळ धुळीची असते. मृगानंतर तिला वाट म्हणणें हा सौजन्याचा भाग होय. गेल्या श्रावणांत आईस ज्वर आला. आमची शहरांतली बुटकी गाडी पहिल्याच ओहोळांत पोट टेकून बसली. शेवटीं शेजारच्या चौघांनीं आईस बाजेवर निजवून, वर घोंगड्या घालून, सडकेपर्यंत आणलें. आई बरी झाली. परंतु चौघांच्या खांद्यावरून येणारी ती बाज आम्हीं ज्या क्षणीं पाहिली, तो क्षण आम्हांस अजून विसरतां आलेला नाहीं. चारहि चाकांना जोर पोंचणारी एखादी जुनी गाडी घ्यावयाची, हें त्याच रात्रीं ठरलें.

येथवर आमचें वर्तन कोणत्याहि समंजस पुत्रास शोभेल असेंच होतें. घोटाळा पुढें झाला. 'चारचाकी जोराची गाडी' म्हटल्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढें जी मूर्ति उभी राहिली ती आईची नव्हे, जीपची! 1940 सालीं अमेरिकन सैन्यानें हलकी, चपळ गाडी मागविली. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें पहिला नमुना करून दिला, आणि पुढें विलिस व फोर्ड यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या केल्या. 1947 पासून महिंद्रांनीं मुंबईंत त्याच विलिस जीपची जुळणी सुरू केली. हा सर्व इतिहास आम्हांस तोंडपाठ होता. कॉलेजांत तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविल्यावर मनुष्याच्या ठिकाणीं एक सुप्त साहसवीर तयार होतो. त्यास गुडघेदुखीची वार्ता नसते.

सुदैवानें आमच्या ओळखीचे एक मिस्त्री बरोबर यावयास कबूल झाले. पहिली गाडी एका तरुण गृहस्थांची. चाकें मूळच्यापेक्षां हातभर मोठीं वाटावींत अशीं, अंग उंच उचललेलें, छतावर दिव्यांची माळ. आम्ही मोहून गेलों. मिस्त्री मात्र वरचें कांहींहि न पाहतां गोणपाट अंथरून गाडीखालीं शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "सर, या गाडीनं फार मर्दुमकी गाजवली आहे." चेसिसवर दोन ठिकाणीं जोड मारलेला होता, आणि वर ताज्या काळ्या रंगाचा हात फिरविलेला होता. चिखलांत खेळलेल्या गाडीचें खरें चरित्र तिच्या पोटाखालीं लिहिलेलें असतें. आंसांच्या सांध्यांतून तेल पाझरतें काय, कोपऱ्यांत सुकलेली माती अडकून गंज धरला आहे काय, हें आधीं पाहावयाचें, रंगरंगोटी मागाहून. शिवाय चाकाचा घेर वाढविला कीं इंजिनाची ओढ उणी पडते, आणि वेगाचा कांटा खरा वेग लपवूं लागतो. कायद्याचें भय तें वेगळेंच. कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ घडणींत असे मनास येतील ते फेरफार करतां येत नाहींत.

दुसरी होती जिप्सी, 1985 सालीं प्रथम आलेल्या त्या प्रसिद्ध कुळांतली. ही अगदीं अव्यंग. सैन्यानें हिला वर्षानुवर्षें जवळ केलें तें उगीच नव्हे. अंगानें हलकी असल्यामुळें जेथें जड गाड्या रुततात तेथून ही शेळीसारखी निघून जाते. चारहि चाकांचा जोर मिस्त्रींनीं शेताच्या मऊ मातींतच तपासला. डांबरावर तपासूं दिला नाहीं. वळण घेतांना पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर तोडतात. पण दोन्ही आंस एकत्र जखडलेले असल्यामुळें त्यांस एकाच गतीनें फिरावें लागतें, आणि तो ताण दांत्यांवर येतो. मातींत चाकें किंचित् घसरून तो ताण सोडवून घेतात. कोरड्या सडकेवर ती सोय नसते. सारें ठीक होतें. आम्हीं खिशांतून चेकबुक काढलें.

"सर," मिस्त्री म्हणाले, "एक विचारू? तुम्ही गाडी चालवता कशी?"

आम्ही म्हणालों, "हळू."

"आणि हिच्यात बसणार कोण?"

आम्ही निरुत्तर झालों. या गाडीस चारहि बाजूंस पाट्यांचे स्प्रिंग. ते ओझें वाहतात, खडकांवर टिकतात, परंतु प्रत्येक धोंड्याची वर्दी पाठीच्या मणक्यापर्यंत पोंचवितात. पंचविशींतल्या पाठीस ती गंमत वाटेल. आईच्या ऐंशी वर्षांच्या हाडांस नव्हे. दोन महिने आम्ही गाडी शोधीत होतों ती आईच्या नांवें. पण निवडीत होतों ती आमच्या गेलेल्या तारुण्यासाठीं. हें एका मिस्त्रीच्या दोन प्रश्नांनीं उघडें पाडावें, याची लाज वाटली. आपली चाल कशी आहे हें मनुष्यास ठाऊक असतें. ती कशी असावी असें वाटतें, त्याप्रमाणें तो वाहन घेतो.

तिसरी गाडी घेतली. सफारी, तेरा वर्षांची, लांब व बंद अंगाची, मागें वेटोळ्यांचे स्प्रिंग असलेली. पूर्वीचे मालक निवृत्त गृहस्थ; दर वेळीं तेल बदलल्याची नोंद त्यांनीं वहींत ठेवली होती. ती वही पाहून मिस्त्री प्रथमच हंसले. इंजिन थंड असतां सुरू करून धूर पाहिला. चेसिसचा व इंजिनाचा नंबर कागदाशीं ताडून घेतला. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आहे याची खात्री केली. नोंदणीचीं पंधरा वर्षें पुरीं व्हावयास दोन वर्षें उरलीं आहेत; त्यानंतर तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागेल. हेंहि हिशेबांत धरूनच किंमत ठरली. दिसावयास ही गाडी साहसी नाहीं. परंतु छोट्या गिअरांत घातली कीं उतारावर ब्रेकास पाय न लावतां, एखाद्या शहाण्या बैलासारखी पाऊल मोजीत उतरते. आमची चाल हीच होती. ती कबूल करावयास मात्र वेळ लागला.

पायरी उंच पडते म्हणून आम्हीं एक लाकडी चौरंग गाडींतच ठेवून दिला आहे. पहिल्या दिवशीं आईनें त्यावर पाय ठेवला, दाराचा दांडा धरला आणि विचारलें, "नवी आहे का रे?"

"नाहीं आई, जुनी आहे."

"मग बरं. सांभाळून नेईल."

आई शहरांत राहावयास आली नाहीं, येणारहि नाहीं. आम्हीच एका शनिवाराआड जातों. परततांना सडकेपर्यंत गाडींत गर्दी असते. त्या श्रावणांत बाज उचलणारे चौघेहि बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन मागें बसलेले असतात. ओहोळ आला कीं ते बोलणें थांबवून खालीं पाहतात. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत येतें, गाडी हळूच पलीकडे चढते, आणि त्यांचें बोलणें पुन्हां सुरू होतें.