मिटलेला शिंपला

न्यू जर्सीतल्या आमच्या नातवाने घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळांशेजारी एक मोठा शिंपला ठेवलाय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या जातीला संरक्षण आहे. आम्हा जळगावकरांना शिंपला ठाऊक तो तापीच्या वाळूतला. हा मात्र उजेडावर जगतो! त्याच्या रंगीत मांसल पदरात सूक्ष्म शैवाल असतं, तेच त्याला पोसतं.

क्लाउनफिश शेजारी बहुधा चालतो. बटरफ्लायफिश मात्र पदराला टोचतो. टोच लहानशीच, पण शिंपला मिटून बसतो, उजेड तुटतो आणि उपासमार होते. नातवाने मासा दुकानात परत दिला, तेव्हा शिंपला हळूहळू उघडला.

धुळ्याला शिकवताना एका टोमण्याने मिटलेली मुलं पाहिली. तिथे कुणाला परत कसं देणार? मी बाक बदलत असे.