चव सांगायची कुणी?

ऑफिसात चारचौघं एकत्र बसली की आधी कुणी बोलायचं, हे न ठरवताही ठरलेलं असतं. टीमसाठी बिअर चाखण्याचा कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला काळजी बिअरची नव्हती, या सवयीची होती.

पुण्यात आता ताजी बिअर बनवणारी ठिकाणं बरीच आहेत. त्यामुळे चार प्रकार मिळवणं सोपं होतं. अवघड होती माणसं. मी सोडून आठ. एकजण म्युनिकला दोन वर्षं काढून आलेला. दोघं ‘स्ट्राँग’शिवाय कशालाच बिअर न म्हणणारे. तिघांनी हळदीला किंवा ट्रेकच्या मुक्कामी एखादा ग्लास घेतलेला. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी, वय २३, पहिल्यांदाच चव घेणार होती. (महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, हे आधी तपासून घेतलं.) आणि एकीने सांगितलं, “मी येईन, पण पिणार नाही.”

का, ते मी विचारलं नाही. नोकरीच्या जागी ‘का’ला उत्तर द्यावंच लागतं, तो प्रश्न न विचारणं हाही आखणीचाच भाग होता.

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवला: पिल्सनर, गव्हाची हेफेवायझेन, आयपीए आणि शेवटी स्टाउट. आयपीएचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. ती आधी आली तर पिल्सनर पाण्यासारखी लागते. प्रत्येकाला ८० मिलीचे चार ग्लास, म्हणजे एकूण ३२० मिली, मोठ्या बाटलीच्या निम्म्याहून जरा कमी. स्ट्राँगवाले कुरकुरले. चकण्याला साधे फुटाणे, मसाला पापड सगळं संपल्यावर. स्टाउट थोडा वेळ आधीच बाहेर काढून ठेवायची, कारण फार गार पेयाचा वास दबतो.

वास हीच खरी गोष्ट होती. चव म्हणून आपण जे सांगतो, त्यातलं पुष्कळसं नाकाने कळलेलं असतं. म्हणून टेबलावर पाच वाट्या मांडायच्या ठरवल्या: माल्ट, हॉप्स, पिकलेलं केळं, लवंग, भाजलेली कॉफी. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण मोड आणतो, तसाच प्रकार. या वाट्या आणि सगळ्यांच्या नोंदी न पिणाऱ्या सहकारी सांभाळणार होत्या. कोपऱ्यात सरबताचा ग्लास धरून बसायची वेळ त्यांच्यावर येणार नव्हती.

नियम तीनच. ग्लासांवर नाव नाही, फक्त आकडा. आधी लिहायचं, मग बोलायचं. आणि सगळ्यात कमी प्यायलेल्याने पहिलं बोलायचं. तिसरा नियम म्हणजे पुस्तकी शब्द नकोत, घरातले चालतील.

दुसऱ्या ग्लासापाशी त्या नव्या मुलीने कागद वाचला: “शिकरणात लवंग पडलीय.” म्युनिकवाला हसला, मग ग्लास नाकाशी नेऊन गप्प झाला. दोन वर्षं हीच बिअर प्यायलो, म्हणाला, पण लवंग कधी लक्षात आली नाही.

तिचं निदान अगदी बरोबर होतं. त्या बिअरमध्ये ना केळं असतं, ना लवंग. दोन्ही वास तिच्या विशिष्ट यीस्टमधून येतात. बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं होतं. यीस्टचा उल्लेख नव्हता, कारण ते नेमकं काय करतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आंबवण्यामागचे सूक्ष्मजीव पाश्चरने उलगडून दाखवले ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे साडेतीनशे वर्षं माणसं उत्तम बिअर बनवत होती आणि तिच्या मुख्य कारागिराला कुणी ओळखत नव्हतं.

आयपीएला एकाने “कारल्याच्या पाण्यात संत्र्याची साल” म्हटलं. स्ट्राँगवाल्यांपैकी एकाने तीच पुन्हा मागितली.

स्टाउटवर मात्र कुणालाच शब्द सापडेना. कॉफी म्हणावी तर कॉफी नाही, चॉकलेट म्हणावं तर गोडवा नाही. नोंदी घेणाऱ्या सहकारी पेन खाली ठेवून पुढे वाकल्या, शेजारच्या ग्लासाचा नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, “तव्यावर करपलेली भाकरी.”

सगळ्यांनी आपापले ग्लास पुन्हा नाकाशी नेले.