डोकं दुखतंय म्हणतीय

ताई बाळंत झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, असंही म्हणाली. "पहिलटकरीण आहे, झोप झालेली नाही, होतं असं," म्हणून सिस्टर निघून गेल्या. आई गप्प, मीही गप्प. आत्ती मात्र उठली आणि काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. "पोरगी डोकं दुखतंय म्हणतीय. बी.पी. बघा की आधी." दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. बी.पी. बघितलं आणि मग सगळ्यांची पळापळ.

ताई आता ठणठणीत आहे. पण ते काउंटर माझ्या मनातून जाईना. बाळंतपणाबद्दल मिळेल ते वाचत सुटले, आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांपाशी येऊन थांबले. तिथं २०२३ साली दर लाख जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, कृष्णवर्णीय ५०.३. गरिबीमुळे असेल, असं मला आधी वाटलं. पण पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्येही हे प्रमाण शाळा पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे. म्हणजे पैसा आणि पुस्तकं इथे पुरत नाहीत.

सेरेना विल्यम्सचंच बघा. २०१७ मध्ये सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी तिला दम लागला. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला आधी होऊन गेलेला, त्यामुळे तिने स्वतःच सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधानं ही बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. मग स्कॅन केला, तर फुप्फुसांत गुठळ्या. जगातली एवढी मोठी खेळाडू, तरी तिला असं हुज्जत घालत बसावं लागलं. बाकीच्यांच्या वतीनं कोण बोलणार?

त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या बाईला तिथं ‘डूला’ म्हणतात. ती नाळ कापत नाही, औषधं देत नाही. बाळंतिणीच्याच वस्तीतली, तिच्यासारखंच बोलणारी. दिवस भरायच्या आधीपासून घरी येते, पाय सुजलेत का बघते, डॉक्टरला काय विचारायचं ते दोघी मिळून लिहून ठेवतात. कळा सुरू झाल्या की शेजारी बसते, आणि बाळ घरी आल्यावरही येत राहते. कॅलिफोर्नियात २०२३ पासून गरिबांच्या सरकारी विम्यातून तिचे पैसे मिळतात. फ्लोरिडात जेनी जोसेफ नावाची, लंडनमध्ये शिकलेली सुईण आहे. तिच्या दवाखान्यातून पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. दारात पहिली भेटणारी रिसेप्शनिस्टसुद्धा तिच्या मते उपचाराचाच भाग. हे वाचून मला पुन्हा आमचं काउंटर आठवलं.

खरं तर हे त्यांच्याकडे नवीन नाहीच. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय सुईणी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करायच्या, पुष्कळदा गोऱ्यांच्या घरचीसुद्धा. जॉर्जियातल्या मेरी कोली यांनी तीन हजारांवर बाळंतपणं केली. सुईणींना शिकवण्यासाठी १९५३ साली त्यांच्यावर ‘ऑल माय बेबीज’ नावाची फिल्म निघाली. त्यात सगळं दिसतं: पांढरा एप्रन, हात घासघासून धुणं, आणि खरंखुरं बाळंतपण. मी ती रात्री मोबाईलवर बघितली. कळा देणाऱ्या बाईशी कोली ज्या आवाजात बोलतात तो आवाज आत्तीचाच, भाषा तेवढी वेगळी.

पुढे सरकारांनी या सुईणींचे परवाने हळूहळू बंद केले. अलाबामात १९७६ मध्ये कायदाच झाला. तिथल्या शेवटच्या सुईणींपैकी एक, मार्गारेट चार्ल्स स्मिथ. त्यांच्या आत्मकथनाच्या नावाचा अर्थ, ‘माझं नीट ऐका’. दवाखाने नकोत असं माझं मुळीच म्हणणं नाही. ताई दवाखान्यामुळेच वाचली. पण या बायकांबरोबर घरचं माणूसही खोलीबाहेर गेलं, त्याचं काय?

आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमची सुईण पण देवमाणूस होती बाई." मी विचारलं, चहा कशातून द्यायचीस तिला? आजी जरा थांबली. "तिचा कप येगळा होता." मग कितीतरी वेळ काही बोलली नाही.

ताईला पुन्हा दिवस गेलेत. यंदा दवाखान्यानं सांगितलंय, प्रसूतीच्या खोलीत एकच माणूस. दाजींना आत जायचंय, ताईला आत्ती हवीय. रोज संध्याकाळी घरात यावरून वाद. आत्ती मात्र कुणालाच काही बोलत नाही, जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवतेय.